पडद्यावरची शिल्लक

संगमनेरच्या बाजारपेठेत सायंकाळी रोजमेळ जुळविताना वहीतील शिल्लक पाहिली जाते आणि गल्ल्यातील रोकडही मोजली जाते. केवळ वहीवर विसंबून कोणी दुकानाला कुलूप लावत नाही. त्याच घरातील अभियांत्रिकी शिकणारा मुलगा संगणकाच्या पडद्यावर मायक्रोकंट्रोलरचे सर्किट चालवून दाखवितो, तेव्हा मात्र वडील विचारतात, "हे फुकट चालते आहे, मग सुट्या भागांवर पैसे कशाला घालवायचे?" १९८३ पासून गावात अमृतवाहिनी अभियांत्रिकी महाविद्यालय असल्याने हा संवाद येथील घरांना अपरिचित नसावा.

प्रश्न रास्त आहे. प्रोटियस, टिंकरकॅड यांसारख्या सिम्युलेशनमध्ये चुकीची किंमत मोजावी लागत नाही, म्हणून पहिले धडे तेथेच गिरवावेत. परंतु गोदामात येणारी पोती मोजण्याचे साधे यंत्र घ्या. पोते आत आले की एक कळ दाबली जाते. पडद्यावर एका दाबाला एकच नोंद होते. प्रत्यक्षात कळीतील धातूच्या पट्ट्या एकमेकींवर आदळून काही मिलिसेकंद थरथरतात. अर्डुइनो उनोची चिप सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोक्यांनी चालते. तिला ती प्रत्येक थरथर नवी वाटते, आणि एका पोत्याची चार पोती होतात! पहिल्या नोंदीनंतर सुमारे ५० मिलिसेकंद दुसरी नोंद न घेणे, हा त्यावरील सोपा उपाय.

रिलेची गोष्ट अधिक खर्चाची. ५ व्होल्टच्या नेहमीच्या लहान रिलेच्या गुंडाळीला सुमारे ७० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. चिपच्या एका पिनची कमाल मर्यादा ४०. पडद्यावर अशी जोडणी पुष्कळदा निमूटपणे चालून जाते, टेबलावर पिन जळू शकते. मध्ये ट्रान्झिस्टर हवा. शिवाय रिले बंद होताना गुंडाळीतून उसळणारा दाब शमविण्यासाठी उलटा डायोडही हवा, अन्यथा ट्रान्झिस्टर जातो किंवा चिप अकारण पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ज्ञानाला क्रियेची जोड हवी, हे चातुर्मासातील प्रवचनांत ऐकत वाढलेल्या मुलाला ते येथे बोटांनी कळते.

पुण्याच्या सीओईपीतील विद्यार्थ्यांनी घडविलेला सुमारे १ किलो वजनाचा 'स्वयम्' उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ मधून अवकाशात गेला. तेथे सुटलेली जोडणी पुन्हा लावायला कोणी जाऊ शकत नाही. म्हणूनच सारी गणिते जुळल्यावरही उपग्रह जमिनीवर थरथरविले जातात, निर्वात कक्षात तापवून आणि गारठवून पाहिले जातात.

वडिलांनी तेव्हा काही शे रुपयांचे भाग जळतील असे आधीच धरून चालावे. हा बुडीत खर्च नव्हे, शिक्षणाचे शुल्क आहे. अट एकच घालावी: प्रयोग ५ व्होल्टवरच. पंपाची २३० व्होल्टची जोडणी जाणत्या वायरमनच्या देखरेखीवाचून करू नये.