धुराविना धूप

वय वाढू लागले की आपण डोळ्यांना चष्मा लावतो, कानाला यंत्र बसवतो; नाकाची विचारपूस मात्र सर्दी झाल्याखेरीज करत नाही. वास्तविक गंधज्ञानही वयाबरोबर मंदावते. अमेरिकेतील संशोधक रिचर्ड डोटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ६५ ते ८० वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक आणि ८० वर्षांपुढील तीन चतुर्थांशांहून अधिक व्यक्तींचे गंधज्ञान बरेच क्षीण झालेले आढळले. भाजी करपली, दूध नासले, गॅस गळू लागला, हे अशा व्यक्तीला वेळेवर कळत नाही. हा धोका उघड आहे. गंधाबरोबर आणखी काय हरवते, हे मात्र मला आईची शुश्रूषा करताना उमगले, आणि त्याला निमित्त झाले एक अत्तर.

आम्ही वसईचे कॅथलिक. आईचे वय ८२. तिच्या आयुष्यातील बहुतेक मोठे प्रसंग धुपाच्या वासात घडले. सणाच्या मिस्सेत फादर साखळीचे धूपपात्र वेदीभोवती हलवतात, तसेच अंत्यविधीत शवपेटीभोवतीही. बायबलमधील १४१ व्या स्तोत्रात प्रार्थनेला धुपाची उपमा दिलेली आहे. परंतु दम्यामुळे गेली काही वर्षे आईला त्या धुरात बसवत नाही. ऐन सणाला घरी राहणे तिच्या मनाला लागले होते. त्यातच स्मृती विरळ होऊ लागली. आज कोणता सण, हे तिला सांगावे लागे.

अशा दिवसांत भाच्याने परदेशातून एक लहानशी बाटली आणली. ‘कॉम दे गार्सों’ या जपानी फॅशनसंस्थेने २००२ साली धर्मविधींतील धूपगंधांवर पाच अत्तरांची मालिका काढली. त्यात क्योतो आहे, आपले जैसलमेर आहे, मोरोक्कोतील वारझाझात आणि रशियातील मठाचे गाव झागोर्स्कही आहे. आमच्याकडे आले ते ‘आविन्यों’. चौदाव्या शतकात पोप जेथे राहत होते त्या फ्रेंच नगराचे हे नाव. बेर्त्राँ दुशोफूर या अत्तरकाराने त्यात कॅथलिक चर्चमधील धुपाचा गंध बांधला आहे. त्याचा गाभा म्हणजे ऊद, बॉस्वेलिया जातीच्या झाडाचा सुगंधी डिंक. आपल्या रानांतील सालई ही त्याच कुळातील. ‘परफ्यूम’ या शब्दाचे लॅटिन मूळ ‘धुरातून’ असे सांगते. येथे धूर नव्हता, गंध तेवढा होता.

डॉक्टरांना विचारून मी कागदाच्या पट्टीवर एक थेंब घेतला आणि तो वाळल्यावर पट्टी आईपासून हातभर दूर धरली. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “फादर आले का?” मग पास्काच्या रात्रीच्या मेणबत्त्या, माहेरचे चर्च, बहिणींचे नवे कपडे, असे बरेच काही ती सांगत राहिली. आठवड्याने पुन्हा पट्टी धरली, तेव्हा मात्र ती रडू लागली. तिला बाबांची शवपेटी आठवली होती. मी पट्टी दूर ठेवली आणि तिचा हात धरून बसले. बाबांविषयी ती त्या दिवशी जितके बोलली, तितके ते गेल्यापासून कधीच बोलली नव्हती.

याचे कारण शरीररचनेत आहे. इतर ज्ञानेंद्रियांचे संदेश आधी मेंदूतील थॅलॅमस या केंद्रातून जातात. गंधाचा संदेश मात्र त्या थांब्याविना भावना व स्मृती यांच्या केंद्रांशी पोहोचतो. म्हणून गंध आठवणीबरोबर तिची भावनाही जागी करतो. ती आनंदाचीच असेल असे नाही. शुश्रूषा करणाऱ्याने हे जाणून जवळ बसावे, घाईने विषय बदलू नये.

आपल्या घरी हे करायचे, तर महागड्या बाटलीची गरज नाही. उगाळलेले चंदन, बकुळीची फुले, ज्या घरचा जो गंध असेल तो. मात्र काही पथ्ये पाळावीत. दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार असल्यास धूप-उदबत्तीचा धूर टाळावा. अत्तरानेही त्रास होऊ शकतो, म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे. खोलीत फवारू नये, वृद्धांच्या नाजूक त्वचेवर लावू नये. खोकला आला तर लगेच थांबावे.

गंध अजिबात येईनासा झाला, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नका. सर्दी, सायनस, कोविड, डोक्याला मार अशी कारणे असू शकतात. क्वचित ती पार्किन्सनची आगाऊ खूणही असते. कान-नाक-घसातज्ज्ञांना दाखवावे. जर्मनीतील थॉमस हुमेल यांनी २००९ साली मांडलेल्या गंध-सरावात गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार गंध दिवसातून दोनदा, १२ आठवडे हुंगायचे असतात. काही रुग्णांना त्याचा लाभ होतो. आपल्या डॉक्टरांना याविषयी जरूर विचारावे.

आई आता सणाच्या दिवशी टीव्हीवर मिस्सा पाहते. ती पट्टी मागते, कधी नको म्हणते. दोन्ही वेळा मी तिचेच ऐकते.