पहारीला काहीतरी लागलं

21 एप्रिल 2024, रविवार
घरामागे सेप्टिक टाकीचा खड्डा खणतोय. जागा पणजोबांच्या जुन्या घरासमोरच्या खळ्याची. ते मातीच्या भिंतींचं घर माझ्या जन्माआधीच एका पावसाळ्यात बसलं; जांभ्याचं जोतं तेवढं उरलंय. दहाच्या सुमारास पहार ठण्णकन वाजली. चिऱ्यावर ती अशी वाजत नाही. गडी म्हणाला, "काकानू, हय काय तरी लागला." काका चहाचा कप तसाच ठेवून धावले. त्यांच्या डोळ्यांसमोर सरळ मोहरांचा हंडा होता.

निघालं ते वीतभराहून थोडं कमी उंचीचं, खाली रुंद, वर निमुळतं, गंजाने आणि मातीने लिंपलेलं काहीतरी. वरच्या बाजूला बुजलेलं भोक. पुतण्या खड्ड्यात उतरून फोटो काढत होता. "फोनात माती जाईल" म्हणून मी त्याच्यावर ओरडलो. काकी चिंच घेऊनच आल्या. घासायचं नाही, एवढं एक मी ठासून सांगितलं.

22 एप्रिल, सोमवार
जुन्या स्पीकरमधलं चुंबक लावलं. खटकन चिकटलं, म्हणजे पितळ, तांबं, शिसं बाद. उंची 18 सेंटिमीटर, बुडाचा व्यास 10, वरच्या टोकाचा 8. भुसाऱ्याच्या काट्यावर वजन भरलं सव्वासात किलो. मग काठोकाठ भरलेल्या बादलीत दोरीने सोडलं आणि सांडलेलं पाणी परातीत धरून दुधाच्या मापाने मोजलं. साधारण लिटरभर. म्हणजे त्याच आकारमानाच्या पाण्याच्या सव्वासात पट जड. घडीव लोखंड पाण्याच्या पावणेआठ पटींच्या आसपास असतं. सव्वासात पट म्हणजे ओतीव लोखंड. काकींच्या भाषेत बीड, त्यांच्या घावन्याच्या तव्याचं. अर्थात गंज आणि आतली माती धरता हा हिशेब ढोबळच.

धातू कळला. वस्तू काय, ते नाही.

23 एप्रिल, मंगळवार
हनुमान जयंती. देवळातून परतणारा प्रत्येक जण आमच्या पडवीत डोकावून गेला. एकाच्या मते मसाल्याचा खल. मग त्याचं भोक एवढं अरुंद का? दुसऱ्याच्या मते किल्ल्यावरची तोफ. ही तर मांडीवर मावते. तिसऱ्याने हात जोडले, काकींनी लगेच हळदकुंकू वाहिलं. भंगारवाल्याने काट्याकडे बघत किलोचा भाव सांगितला.

दुपारी मोटारसायकलवरून एक अनोळखी गृहस्थ आले. आवाज खाली आणून विचारलं, "तांदूळ ओढतं का?" हा 'राईस पुलर'चा धंदा. जुन्या भांड्यात तांदूळ खेचून घेण्याची शक्ती आहे, परदेशात त्याला कोटी मिळतात, असं सांगून आधी 'तपासणी'साठी पैसे उकळायचे. देशभर यात माणसं बुडाली आहेत. काकांचे डोळे पुन्हा चमकलेले पाहून मी गृहस्थांना वाटेला लावलं.

25 एप्रिल, गुरुवार
सकाळच्या तिरप्या उन्हात फिरवून बघताना बुडापासून चार बोटं वर एक खळगी दिसली. बाकी गंज फुगलेला, इथे मात्र गोल खोलगट. बांबूची काडी टेकवली तर माती सुटली. दाभण जाईल एवढं भोक, आणि ते आतल्या पोकळीच्या तळाकडे जाणारं.

हात तिथेच थांबला. वर मोठं तोंड, खाली बारीक कान. खलाला कान नसतो, तोफेला असतो. आणि आत जे ठासलेलं होतं, ती नुसती माती आहे हे कोणी सांगावं? काळी दारू म्हणजे सुमारे 75 टक्के सोरा, 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक. सोरा पाण्यात विरघळतो आणि तो गेला की दारूचा जोर जातो. वस्तू हळूच उचलून अंगणाच्या टोकाला नेली, पाण्याच्या बादलीत बुडवली. मुलांना घरात घेतलं, काकांची बिडी विझवली. सोमवारी हीच वस्तू मी बादलीत आपटत मोजत होतो, हे आठवून उशिरा घाम फुटला.

27 एप्रिल, शनिवार
दोन दिवस भिजल्यावर बांबूच्या चिपेने आतलं काढलं. लाल माती आणि मुळं, बाकी काही नाही. पोकळी 13 सेंटिमीटर खोल.

संध्याकाळी पल्याडच्या वाडीतले आबा आले. वय शहाऐंशी. फोटो दाखवला होता तेव्हा नुसती मान हलवली होती. आज वस्तू मांडीवर घेतली, अंगठा तोंडात घालून फिरवला, मग न बघताच दुसऱ्या हाताचं बोट बरोबर कानावर ठेवलं.

"ही उखळी रे झिला. पालखी भायर सरली की हिचो बार काढीत. आवाज खाडयेपलाडे जाय."

तळाशी दारू, तिच्यावर विटेचा चुरा कुटून कुटून ठासायचा, कानात चिमूटभर दारू, आणि लांब काठीच्या टोकाचा पेटता काकडा लावून मागे सरायचं. गोळा नाहीच. उखळी फक्त आवाजासाठी. उखळी बार, फुसका बार, ठासून सांगणं हे सगळं मी आयुष्यभर बोलत, लिहीत आलो; त्यामागची वस्तू सहा दिवस दारात असून ओळखता आली नाही. आबांना ती बोटांनी आठवली.

काका एवढंच म्हणाले, "उखळी मिळाली, उखळ काय पांढरा झाला नाय."

28 एप्रिल, रविवार
शबरीमलैला जाऊन आलेल्या मित्राला फोटो पाठवला. उत्तर लगेच आलं: तिकडे हिला कदिना म्हणतात, आणि भाविकांच्या नावाने बार काढण्याच्या नवसाला वेडिवळिपाडु. दुसरा साक्षीदार मिळाला.

मग पुतण्याचे पहिल्या दिवसाचे फोटो मोठे करून पाहिले. उखळी खड्ड्यात सरळ उभी, तोंड वर. भोवती विटांचे तुकडे. म्हणजे ती कुणी लपवली नव्हती. खळ्यात बार काढायला रोवली होती, आणि घर बसलं तेव्हा भिंतींच्या मातीखाली गेली. त्या विटा आम्ही त्याच दिवशी घमेल्याने बांधावर फेकल्या. ज्या फोटोंवरून मी ओरडलो, तेवढाच पुरावा उरला. पुतण्याची माफी मागितली.

7 मे, मंगळवार
आज आमच्याकडे लोकसभेचं मतदान. शाळेत रांगेत उभं असताना निवृत्त तलाठी भेटले. त्यांनी कायदा सांगितला: 1878च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि वस्तू शंभर वर्षांची असेल तर 1972चा पुरावशेष कायदाही आहे. लपवली होती की रोवली होती, हे जिल्हाधिकाऱ्यांनी ठरवावं. अर्ज लिहून ठेवलाय, निवडणुकीची धामधूम संपली की देईन.

खारट मातीतलं लोखंड बाहेर आलं तरी गंजत राहतं, पावसाळ्यात तर त्याला तांबूस घाम फुटतो. म्हणून सावलीत पूर्ण वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली, बरोबर बुटांच्या खोक्यांतल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या. डब्यावर पुतण्याच्या अक्षरात चिठ्ठी:

उखळी. बीड. सव्वासात किलो. जुन्या घराचं खळं, दीड हात खोल. तोंड वर. भोवती विटा होत्या.