उघडल्यावर सांगतो

जुनी पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर घेऊन कुशनवाल्याकडे गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘किती होतील?’ जाणत्या मेस्त्रीचं उत्तरही ठरलेलं : ‘सीट उघडल्यावर सांगतो.’ गिऱ्हाइकाला ही टाळाटाळ वाटते, पण या धंद्यात याहून सरळ उत्तर नाही. खिडकीतून डोकावून, सीटवर दोन थापट्या मारून जो ‘वीस हजार, फायनल’ म्हणतो, त्याने फक्त वरचं कव्हर मोजलेलं असतं. आत काय आहे ते त्याला ठाऊक नाही. किंवा चांगलं ठाऊक आहे, पण त्याला हात लावायचा नाही.

कव्हराचा हिशेब शाळकरी पोरही करील. रेक्झिन ५४ इंच पन्ह्याचं येतं. जुन्या पद्मिनीचे पुढचा-मागचा असे दोन बाक आणि चार दरवाजांचे पॅड मिळून दहा-बारा मीटरांत काम होतं. मीटरला चारशे-पाचशेचं बरं रेक्झिन धरलं तरी मालाचे चार ते सहा हजार. मग एकूण आकडा त्याच्या पाच-सहापट का फुगतो, हे कळायला मेस्त्रीच्या शेजारी स्टूल टाकून बसावं लागतं.

कव्हर सीटच्या लोखंडी फ्रेमला तारेच्या कड्यांनी जखडलेलं असतं. पकडीने एकेक कडी उलगडायची. घाईने कव्हर ओढलं तर ते फाटतं, आणि नवीन कापडासाठी हाच तर फर्मा असतो. म्हणून जुनं कव्हर शिवणीवर ब्लेड फिरवून तुकड्या-तुकड्यांनी सुटं करतात आणि प्रत्येक तुकड्यावर खडूने डावं-उजवं लिहितात. कव्हर निघालं की खाली चेपून पोळी झालेला कापूस, त्याखाली काथ्याची गादी, तिच्याखाली तरट, आणि सगळ्यात खाली स्प्रिंगा. काही परदेशी गाड्यांत काथ्याच्या जागी घोड्याचे केस निघतात. तरट बहुधा कुजलेलं असतं आणि दोन-तीन स्प्रिंगा त्यातून मुंडी वर काढून बसलेल्या असतात. उंदराचं बिऱ्हाड, पन्नास पैशांचं नाणं, केसांची पिन, शेंगांची टरफलं हा ऐवज वेगळाच. ड्रायव्हरच्या बाजूचा फ्रेमचा कोपरा खचलेला, कारण वर्षानुवर्षं माणूस त्याच कडेवर रेलून आत-बाहेर करत आला. म्हणजे आता वेल्डिंगवाला आला, गंज घासणं आलं, रंग आला. रेक्झिनला अजून कात्रीही लागलेली नसते.

इथे दोन वाटा फुटतात. पहिली झटपट : स्प्रिंगा भंगारात, त्यांच्या जागी ४० डेन्सिटीचा फोमचा ठोकळा, वर कव्हर. एका दुपारचं काम. फोटोत दिसतंही झकास. पण स्प्रिंगा माणसाच्या वजनाने जेवढ्या खाली बसत तेवढा हा ठोकळा बसत नाही. चालवणारा उंच होतो, मांड्या स्टिअरिंगला लागतात, डोकं छताला. शिवाय सीटच्या मूळ कडा गोलाव्यात जातात आणि गाडीत बैठकीच्या खोलीतला सोफा येऊन बसतो. मुंबईच्या मे महिन्यात काथ्याची सीट जशी हवा खेळू देते तसा फोम देत नाही, हे अर्ध्या तासाच्या ट्रॅफिकमध्ये पाठीला कळतं. दुसरी वाट मोडक्या स्प्रिंगा बदलून, सुतळीने पुन्हा बांधून, नवं तरट आणि नवा काथ्या भरण्याची. तिला दिवस लागतात, आणि ते काम बिलात दिसलं तरी गाडीत कुणाला दिसत नाही. गिऱ्हाईक पैसे कापतं ते नेमके इथेच.

फोक्सवॅगन बीटलच्या बाबतीत मात्र ही आतली बाजू जिवावर बेतू शकते. तिची बॅटरी मागच्या सीटखाली असते. स्प्रिंगा खचल्या आणि बॅटरीवरचं झाकण हरवलेलं असलं, की मागे दोन वजनदार पाहुणे बसताच स्प्रिंग बॅटरीच्या टोकांना टेकते, ठिणगी पडते आणि वरची कोरडी भरताड पेट घेते. बीटलवाल्यांच्या गोतावळ्यात हा प्रकार जगभर प्रसिद्ध आहे. एवढ्याशा झाकणाचे पैसे वाचवणारा माणूस चामड्याच्या छटेवर मात्र तासभर खल करतो, याला काय म्हणावं!

छताच्या अस्तराची कथा आणखी निराळी. अस्तराला आडव्या शिवलेल्या नळ्या असतात, त्यांतून लोखंडी सळ्या ओवून ते छताखाली टांगतात. मग पुढून-मागून, डावीकडून-उजवीकडून ताणत, सोल्यूशन लावून कडा बसवायच्या. एका बाजूची सुरकुती घालवली की ती समोरच्या कोपऱ्यात उगवते. बऱ्याच जुन्या गाड्यांत अस्तराच्या कडा काचेच्या रबराखाली दडपलेल्या असतात, म्हणजे आधी पुढची-मागची काच उतरवायची. काच निघते, चाळीस वर्षं उन्हात कडक झालेलं रबर मात्र सहसा तुकडे होऊनच निघतं. नवं रबर शोधायला मग पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. प्रीमियरचा कारखाना ज्या कुर्ल्यात होता तिथेच पद्मिनीच्या सुट्या भागांसाठी वणवण करावी लागते. अस्तराचं कापड काही शे रुपयांचं असतं. त्याच्यामागे दोन काचा, दोन रबरं आणि दोन माणसांचे दोन दिवस जातात.

आता चामडं. हौशी मालकाला तेच हवं असतं. कातडं चौरस फुटावर विकलं जातं, पण जनावर काही चौकोनी नसतं. युरोपातलं चांगलं कातडं साधारण ५० चौरस फुटांचं. त्यात पोटाकडचा भाग ताणतो, मानेकडे वळ्या असतात, कुठे काटेरी तारेचा ओरखडा, कुठे गोचिडाचा डाग. पाव ते एक-तृतीयांश माल सहज वाया जातो. सीटच्या मध्यभागी पाठीचं कातडं लावायचं आणि पोटाकडचं बाजूला, दिसणार नाही तिथे, हे कापणाऱ्याच्या डोळ्यावर असतं. शिवताना चूक झाली तर उसवून उपयोग नाही, कारण सुईचं भोक कायमचं. कापड माफ करतं, चामडं करत नाही. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि धारावीच्या चामडं बाजाराला म्हशीच्या कातड्यावर किंवा बाहेरून येणाऱ्या मालावर भिस्त ठेवावी लागली. म्हशीचं कातडं दणकट खरं, पण त्याचा दाणा जाड. जग्वारच्या सीटवर तो लगेच परका दिसतो.

जग्वार आणि रोल्स-रॉइसला चामडं पुरवणारी लंडनची कॉनली ही १८७८ पासूनची पेढी २००२ मध्ये बंद पडली. तरी तिच्या जुन्या रंगांची नावं घेऊन ‘तस्संच हवं’ म्हणणारे आहेतच. इंग्लंडात जुन्या जग्वारचं आतलं सगळं काम चामड्यात करायचं तर काही हजार पौंड सहज जातात. गंमत अशी, की त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत कारखान्याने चामडं फक्त अंग टेकेल तेवढ्या भागाला लावलेलं असायचं. सीटची पाठ, बाजू, दरवाजाचा खालचा पट्टा यांना रेक्झिनसारखं नकली चामडं. आज मालक सगळीकडे अस्सल चामडं लावतो आणि जास्तीचे पैसे मोजून गाडी मुळापासून दूर नेतो.

त्याहून जुन्या, शोफर चालवत असलेल्या गाड्यांत तर चामडं नोकराच्या वाट्याचं होतं. ऊन-पाऊस सोसणारी पुढची सीट चामड्याची, मागे धन्यासाठी उंची लोकरी कापड. १९२६ ची एक रोल्स-रॉइस फँटम ‘फँटम ऑफ लव्ह’ म्हणून ओळखली जाते. क्लॅरेन्स गॅस्क यांनी ती पत्नीसाठी वुल्व्हरहॅम्प्टनच्या क्लार्क या कारखान्यात सजवून घेतली. तिच्या सीटचं फुलाफुलांचं कापड फ्रान्समधल्या ओब्यूसाँला हाताने विणलं गेलं. विणायला नऊ महिने लागले आणि त्याचे सुमारे ५०० पौंड झाले. आज ते बदलायचं कुणाच्या मनातही येणार नाही, विरलेलं असलं तरी.

हे शहाणपण साध्या गाड्यांपर्यंत उशिरा पोचतंय. अमेरिकेत पेबल बीचच्या प्रदर्शनात जशीच्या तशी राखलेल्या गाड्यांचा वेगळा गट असतो. तिथे तडे गेलेलं मूळ चामडं ही लाज नसून जमेची बाजू ठरते. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेची नोंदणी दिली. चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको, एवढं नियम बघतो. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, आणि ज्यांच्या घरी वडिलांची गाडी ताडपत्रीखाली पडून होती त्यांना एकदम तिची किंमत वाटू लागली. अशा गाडीचं मूळ कव्हर शिवणीवरच उसवलेलं असेल, तर तेच काढून, धुऊन, आतलं सगळं नवं भरून पुन्हा चढवता येतं. पैसे नव्या कव्हराच्या कामाइतकेच लागतात, कधी जास्तही. ‘मग नवंच का नको?’ हा मालकाचा सवाल मेस्त्रीने इतक्यांदा ऐकलेला असतो, की तो वाद घालत नाही. जुनं कव्हर गुंडाळून डिकीत ठेवून देतो आणि म्हणतो, ‘साहेब, हे फेकू नका.’

पैशांखालोखाल भांडण होतं ते तारखेवरून. व्हिंटेज गाड्यांच्या रॅली बहुतेक थंडीत असतात, त्यामुळे सगळ्यांना गाडी त्याच महिन्यात हवी. मोकळा हंगाम पावसाळ्याचा. पण जुलैच्या दमट हवेत सोल्यूशन नीट धरत नाही आणि ताणून बसवलेलं अस्तर दिवाळीच्या सुमारास सैल पडतं. म्हणून शहाणा मेस्त्री पावसात फक्त सीटा उघडून ठेवतो, स्प्रिंगांचं आणि वेल्डिंगचं काम उरकतो, निम्मी रक्कम आगाऊ घेतो आणि छताला ऑक्टोबरचं ऊन पडेपर्यंत हात लावत नाही. मधले तीन महिने मालकाचे फोन येत राहतात.