मुंब्र्यातली खोली

रत्नागिरीकडच्या माणसाला मुंब्रा फार परकं वाटत नाही. मागे पारसिकचा डोंगर, समोर खाडी, पहाटे खिडकीतून येणारी फजरची अजान. नोकरीसाठी इथं एकट्यानं राहू लागलो आणि स्वतःची नव्यानं ओळख झाली. गावी सगळे मला अबोल म्हणायचे; रिकाम्या खोलीत कळलं, मला माणसं लागतात. रमजानमध्ये शेजारच्या खाला इफ्तारीची बशी पाठवतात. ती रिकामी परत द्यायची नसते, हे अम्मीनं कधी सांगितल्याचं आठवत नाही. तरी हात आपोआप खजुराकडे जातो. सहरीला हाक मारणारं कुणी नाही, तरी जाग येते. महिन्याला घरी पैसे मी पाठवतो खरा. पण मला सांभाळतंय ते अजून घरच.