शेंगेनचें गांव आणि त्याचा दिंडीदरवाजा

मोझेल नदीच्या डाव्या तीरावर, द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशीं, लक्झेंबर्गच्या राज्यांत शेंगेन नांवाचें एक चिमुकलें खेडें आहे. पूल ओलांडला कीं जर्मनीचें पेर्ल लागतें. दक्षिणेस थोडें गेलें कीं फ्रान्सचें आपाश. येथील वाड्याचा गोल बुरूज १८७१ सालीं व्हिक्टर ह्यूगोनें चित्रांत रेखाटला होता; परंतु गांवाची ख्याति जगभर झाली ती १४ जून १९८५ या दिवसामुळें. त्या दिवशीं फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलंड्स व लक्झेंबर्ग या पांच राष्ट्रांनीं आपापसांतील सीमांवरची तपासणी हळूहळू बंद करण्याचा करार केला, आणि तोही नदींत नांगरलेल्या ‘प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड’ या नौकेवर! लक्झेंबर्ग व जर्मनी यांमधील हा प्रवाह उभयतांच्या समाईक मालकीचा. तेव्हां स्थळ मोठें समर्पक निवडलें, असेंच म्हटलें पाहिजे. आज या व्यवस्थेंत २९ देश आहेत.

परंतु घरांतलीं मधलीं दारें काढलीं म्हणजे दिंडीदरवाज्यावरचा पहारा कडक होणारच. आमच्या वहिनींना जर्मनींत असलेल्या लेकीच्या बाळंतपणास जावयाचें होतें. अर्ज नामंजूर झाला. छापील कागदावर एका चौकटींत खूण होती : मुदत संपण्यापूर्वीं परत जाण्याचा हेतु पटत नाहीं. चाळीस वर्षें एकाच वाड्यांत संसार केलेल्या बाईस हें वाचून काय वाटलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

अर्ज भरून देणाऱ्या गृहस्थांनीं सल्ला दिला, “आतां दुसऱ्या देशाकडे अर्ज करा, आणि नकाराचा उच्चारही करूं नका.” हा सल्ला घातक आहे. २०११ पासून या देशांची एक सामाईक व्हिसा-नोंदवही आहे. तींत अर्जदाराच्या बोटांचे ठसे व नकाराचें कारण पांच वर्षांपर्यंत राहतें. तेव्हां एका वकिलातीचा नकार दुसरीच्या मेजावर उघडाच असतो. उलटपक्षीं, २००९ च्या व्हिसा-संहितेंत स्पष्ट म्हटलें आहे कीं, पूर्वींच्या नकारामुळें नवा अर्ज आपोआप फेटाळतां येत नाहीं. उपलब्ध असलेल्या सर्व माहितीवरून तो नव्यानें पारखला पाहिजे. नकाराचीं कारणें लेखी देणें भाग आहे, व त्याविरुद्ध अपील करण्याचा हक्कही आहे.

ब्रिटनच्या अर्जांत तर, कोणत्याही देशानें पूर्वीं नकार दिला आहे काय, असा सरळ प्रश्नच असतो. त्यास ‘होय’ लिहिल्यानें अर्ज बुडत नाहीं. खोटें ‘नाहीं’ मात्र बुडवितें. फसवणूक ठरल्यास ब्रिटन दहा वर्षेंपर्यंत व कॅनडा पांच वर्षें दार बंद करतें. अमेरिकेंत महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितल्यास ही बंदी सामान्यतः कायमचीच.

वहिनींनीं नकाराच्या कारणासच उत्तर दिलें. निवृत्तिवेतनाचे कागद, घरपट्टीच्या पावत्या, जांवयांनीं जर्मन कचेरींत करून दिलेलें खर्चाचें हमीपत्र, आणि ऐंशी ओलांडलेल्या आमच्या मातोश्रींची शुश्रूषा वहिनींकडेच असते, असें डॉक्टरांचें पत्र. शिवाय पहिल्या नकाराचा उल्लेख करणारें एक पानी निवेदन. दुसऱ्या खेपेस व्हिसा मिळाला. पण तोंवर नात चार महिन्यांची झाली होती, आणि बारशाचीं गाणीं वहिनींनीं दूरध्वनीवरच म्हटलीं होतीं.

पुढें त्याच नातीस कडेवर घेऊन त्यांनीं पेर्लचा पूल पायीं ओलांडला. शेंगेनच्या बाजूस कोणीं कागद विचारला नाहीं. ज्या नौकेवर सह्या झाल्या, ती नौका २०२५ सालीं परत आणून येथेंच नांगरली आहे.

ज्यांच्या हातीं असा नकार पडला असेल, त्यांनीं तो कागद फाडून टाकूं नये. खूण कोणत्या चौकटींत आहे, तें प्रथम पाहावें. त्या कारणास पुरेसें उत्तर हातीं येईपर्यंत घाईनें दुसरा अर्ज करूं नये. आणि विचारलें असतां खरें तेंच लिहावें.