एकशे पस्तीस पौंडांचा फोन

नोव्हेंबर २०१३ मध्ये मोटोरोलाचा ‘मोटो जी’ ब्रिटनमध्ये सुमारे १३५ पौंडांना विक्रीस आला, तर जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगचा ‘गॅलेक्सी एस२४’ तेथे ७९९ पौंडांना मिळू लागला. प्रस्तुत लेखकाच्या मँचेस्टरमधील वास्तव्याच्या दोन टोकांना हे दोन फोन उभे आहेत. पहिला विद्यार्थिदशेत काटकसरीने घेतलेला, दुसरा नोकरीत जम बसल्यावर. किंमत सहापट वाढली, हे उघड आहे. परंतु त्या वाढीव रकमेतून नेमके काय विकत घेतले गेले, याचे उत्तर दुकानातील तक्त्यावरून मिळत नाही.

अशी तुलना करण्यास मँचेस्टरइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल. आज्ञावली स्वतःच्याच स्मृतीत साठवून ती चालवणारा जगातील पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक, ज्याला ‘बेबी’ म्हणत, २१ जून १९४८ रोजी येथील विद्यापीठात चालला, आणि त्याची संपूर्ण स्मृती १,०२४ बिटांची, म्हणजे शून्य किंवा एक यांपैकी एक मूल्य धारण करणाऱ्या तेवढ्याच जागांची होती. मोटो जीची कार्यस्मृती (फोन चालू असताना ज्यात काम होते ती ‘रॅम’) एक जीबी होती, म्हणजे ‘बेबी’च्या सुमारे ८४ लाख पट, आणि एस२४ची आठ जीबी, म्हणजे मोटो जीच्या केवळ आठपट. दोन्ही फोनांच्या प्रोसेसरांचे कूळही एकच आहे. कमी विजेत काम करणारी ही ‘आर्म’ रचना १९८५ मध्ये केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी सिद्ध केली, आणि फर्बर १९९० मध्ये मँचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आले. या दृष्टीने पाहिले तर स्वस्त आणि महाग हा भेद एकाच घराण्यातील थोरल्या-धाकट्यांचा आहे.

स्वस्त फोनाने केलेले काम मात्र धाकट्याचे नव्हते. घराचा शोध, नोकरीचे अर्ज, बसचे वेळापत्रक आणि रविवारी महाराष्ट्रातील घराशी होणारे बोलणे त्याच साडेचार इंची पडद्यावर पार पडले. त्याआधीच्या अनेक स्वस्त फोनांत देवनागरी जोडाक्षरे फुटून दिसत, त्यामुळे घरची पत्रवजा मराठी रोमन लिपीत लिहावी लागे. या फोनात ती सरळ उमटू लागली, आणि आईचे निरोप तिच्याच लिपीत वाचता आले. परदेशी राहणाऱ्याला या सुधारणेचे मोल कॅमेऱ्यापेक्षा अधिक वाटले, यात नवल नाही.

कॅमेऱ्यात नवा फोन निर्विवाद सरस आहे. डिसेंबरात मँचेस्टरला दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो, आणि त्या अंधारात जुन्या फोनाची चित्रे करड्या ठिपक्यांची होत. नवा फोन एकामागून एक अनेक चित्रे टिपून ती गणिताने एकत्र करतो, ज्यास संगणकीय छायाचित्रण म्हणतात, आणि ओला रस्ता दिव्यांसकट स्पष्ट दिसतो. पाणी सहन करणे, नितळ पडदा, वेग हेही खरेच. उलट हेडफोनचे छिद्र आणि एफएम रेडिओ जुन्यात होते, नव्यात नाहीत; स्वयंपाकघरातील खिडकीत ठेवलेला जुना फोन ९५.१ मेगाहर्ट्झवर बीबीसी रेडिओ मँचेस्टर अजून ऐकवतो. महाग वस्तूतून काय काढून टाकले गेले, याचीही नोंद कोणीतरी ठेवायला हवी.

जुना फोन मोडला नाही. तो आजूबाजूच्या निर्णयांनी निकामी झाला. त्याची प्रणाली २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ पर्यंत येऊन थांबली, आणि पुढे सुरक्षेच्या त्रुटी बुजवणारी अद्यतने मिळेनाशी झाल्यावर बँकेचे ॲप त्यावर ठेवणे शहाणपणाचे राहिले नाही. तो मुळात ३जी पर्यंतचाच फोन; व्होडाफोन आणि ईई या मोबाइल सेवा कंपन्यांनी २०२४ च्या सुरुवातीस ब्रिटनमधील ३जी सेवा बंद केल्यावर त्याच्या वाट्याला २जी उरले, म्हणजे बोलणे, लघुसंदेश आणि नावापुरते इंटरनेट. २जी आणि ३जी दोन्ही जाळी २०३३ पर्यंत बंद करण्याचे ब्रिटनमधील कंपन्यांनी सरकारशी ठरवले आहे.

येथे किमतीचा हिशेब बदलतो. एस२४ला सात वर्षे अद्यतने देण्याचे आश्वासन आहे. ७९९ पौंडांस सातने भागले तर वर्षाला सुमारे ११४ पौंड पडतात, आणि मोटो जीची जेमतेम दोन वर्षांची अद्यतने धरली तर सुमारे ६८. सहापट दिसणारे अंतर दुपटीहूनही कमी भरते. महाग फोन महागच राहतो, मधे बॅटरी बदलावी लागली तर आणखी. तरी वाढीव रकमेचा मोठा भाग काळासाठी मोजलेला असतो, काचेसाठी नव्हे.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अमलात आलेल्या कायद्यानुसार सुरक्षा-अद्यतने किमान कधीपर्यंत मिळतील हे उत्पादकाने जाहीर करणे बंधनकारक आहे. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल वाचण्याआधी ग्राहकाने ती तारीख वाचावी. आणि सुट्टीला जाताना जुना फोन आईवडिलांसाठी सोबत नेणाऱ्यांनी तो ४जी चालवतो का, हेही पाहून घ्यावे, कारण भारतात जिओचे जाळे २०१६ मध्ये सुरू झाले तेव्हापासूनच त्यात २जी किंवा ३जी नाही.