ओव्हर

परवा ठाण्याच्या एका रुग्णालयात अक्काच्या उशाशी बसले होते. ड्यूटी बदलायची वेळ. कॉटच्या पायथ्याशी दोन सिस्टर येऊन उभ्या राहिल्या. एकीनं फाईल उघडून दुसरीला ओव्हर दिली, "बेड सात. आजी ऐकत नाहीत. रात्रभर आरडाओरडा, सलाईन ओढून काढलं." अक्काला अजून चांगलं ऐकू येतं. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"ऐकत नाही." हे शब्द मीही वर्षानुवर्षं लिहिले. आज ते कानावर पडले की चीड येते, आणि तिचं मूळ बीड जिल्ह्यात आहे.

1996 चा डिसेंबर. मी चिपळूणकडची, नोकरीपायी तिकडे गेलेली. मेल वॉर्डात न्यूमोनियाचे एक बाबा आले, सत्तरी ओलांडलेले. शेजाऱ्यानं आणून पोचवलं आणि तो निघून गेला. दिवसा बाबा गप्प. दिवे लागले की उठून बसायचे, हाताची सुई उपसायचे आणि ओरडायचे, "माझा कोयता कुठंय? कोयता आणा माझा!" आजूबाजूचे पेशंट घाबरले. मी वहीत लिहिलं: ऐकत नाही, हिंसक, कोयता मागतो. सकाळच्या सिस्टरनं ते डॉक्टरांना वाचून दाखवलं, दुपारच्या सिस्टरनं तसंच पुढे उतरवलं. आम्ही तिघी बाहेरगावच्या, डॉक्टर मुंबईचे. तिसऱ्या रात्री बाबांचे हात बँडेजनं कॉटला बांधले. गाठ मी मारली.

निवृत्तीच्या आधी ओव्हर कशी द्यावी याचं प्रशिक्षण झालं होतं. एसबीएआर: आधी परिस्थिती, मग पूर्वपीठिका, आपला अंदाज, शेवटी काय करावं. ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून दवाखान्यांत आली म्हणे. चांगली आहे, चुका टळतात, पुढं मीही ती मनापासून शिकवली. पण शिकताना डोळ्यांपुढे बाबाच होते. ते चारही रकाने मी त्या रात्री बिनचूक भरले असते, आणि चारहींत कोयता म्हणजे हत्यारच राहिलं असतं.

त्याच रात्री दोनच्या सुमाराला वॉर्डातल्या मावशी फरशी पुसता पुसता थांबल्या. "सिस्टर, त्यो हत्यार मागत न्हाई. लेक-सून म्हणतोय."

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल कोयत्यावर मिळते. एकटं माणूस अर्धा कोयता. बाबांचा कोयता दिवाळीनंतर कारखान्याला गेला होता, मार्च-एप्रिलशिवाय परतणार नव्हता. मावशींना हे पहिल्याच रात्री कळलं होतं. आमची ओव्हर चालायची तेव्हा त्या बादली घेऊन दाराशी उभ्या असायच्या. त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मी गाठी सोडल्या. मावशींनी स्टूल ओढून बाबांच्या नजरेसमोर ठेवलं. पेशंटला मान वळवावी लागू नये असं बसावं, हे नाइटिंगेलबाईंनी 1859 च्या पुस्तकात लिहून ठेवलंय. परीक्षेत मी त्यावर मार्क मिळवले होते, आणि बाबांशी तीन रात्री पायथ्याशी उभी राहून बोलत होते.

"बाबा, तुमचा कोयता बसला बगा ट्रकात. मांजरसुंबा गेलं. आता चौसाळा," मावशी सांगू लागल्या. मग येरमाळा. मग बार्शी. कुठं चहाला थांबले, कुठं पोरगं ओकलं, सगळं सावकाश. बाबांनी मधेच विचारलं, "बैलं?" "हायत की, मागल्या ट्रकात." पंढरपूर आलं तेव्हा बाबांनी सुटलेले हात जोडले. मनगटावर बँडेजचा वळ होता. पंढरपूरच्या पुढं काय आलं ते कळलं नाही, बाबांचा डोळा लागला होता.

एवढा रस्ता मावशींना पाठ कसा, हे मी फार दिवसांनी विचारलं. दहा हंगाम त्या त्याच वाटेनं गेल्या होत्या. नवरा वारला, अर्धा कोयता उरला, म्हणून दवाखान्यात लागल्या.

परवा त्या पोरींवर मला रागावता आलं नाही. एका रात्रीत किती कॉट सांभाळाव्या लागतात ते मला ठाऊक आहे. त्या पुढच्या बेडकडे गेल्यावर मी स्टूल उचललं आणि भिंत आणि कॉटच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, अक्काच्या तोंडासमोर नेऊन ठेवलं.

"अक्का, एसटीत बसलो गं. पनवेल गेलं."

ती गप्प.

"पेण. नागोठणं. कोलाड. महाड."

"माणगाव राहिलं," अक्का म्हणाली.